भावालाही आहे

आधी जळक्या रबराचा वास येतो. मग तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव. डाव्या हाताचा अंगठा आपोआप आत वळतो. समोरचा माणूस बोलत असतो, पण त्याचं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येतं. पुढचं काही आठवत नाही. शुद्ध येते तेव्हा जीभ चावलेली असते आणि डोळ्यांसमोर नुसते लोकांचे पाय दिसतात.

हे सगळं मी डॉक्टरांना सांगितलं. त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता. फक्त ते माझं नव्हतं, माझ्या बहिणीचं होतं.

आणि कशासाठी सांगितलं? एक गाडी परत करायची होती म्हणून.

आमच्या कंपनीत कार लीजची योजना आहे. गाडी लीजवाल्यांच्या नावावर, फिरवायची आपण, हप्ता पगारातून परस्पर कापला जातो. थोडा टॅक्स वाचतो, म्हणून सगळे आपण फार हुशार आहोत अशा थाटात सही करतात. मीही केली. चार वर्षांची. पांढरी, उंच, आत बसलं की रस्त्यावरची माणसं बुटकी दिसतात अशी गाडी. मला ती निलंग्याला न्यायची होती. नेली. बाबांनी आयुष्यभर एसटीत कंडक्टरकी केली. त्यांना पुढच्या सीटवर बसवून गावातून दोन चकरा मारल्या. झालं. गाडीचं काम संपलं. त्यानंतर ती कर्वेनगरच्या आमच्या गल्लीत उभी राहिली आणि कावळ्यांच्या उपयोगी पडली. हिंजवडीला मी कंपनीच्या बसनंच जात होतो, कारण चालवत गेलो तर तिथं पोचेपर्यंत घरी यायची वेळ होते.

चौदा महिन्यांनी मला फ्लॅट घ्यायचा होता. बँकेनं पगाराची स्लिप बघितली आणि गाडीच्या कपातीवर बोट ठेवलं. लीजवाल्यांना विचारलं, आधी सोडता येईल का? येईल की, म्हणाले, आणि दंडाचा असा आकडा सांगितला की मी फोन ठेवून दिला. मग मी करार वाचला. सही करताना वाचला नव्हता, आता वाचला. तेविसाव्या पानावर ओळ सापडली: गाडी घेणारा माणूस आजारपणामुळे गाडी चालवायला कायमचा अपात्र ठरला, तर दंड नाही.

मी गावी फोन करून सांगितलं की पुनीच्या लग्नासाठी खर्च कमी करतोय. बाबा म्हणाले, "उत्तरेश्वर, तुझ्यासारखा भाऊ मिळायला नशीब लागतं." मी ऐकून घेतलं. फ्लॅटचा विषय काढला नाही.

पुनी म्हणजे पूर्णिमा. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. चौदाव्या वर्षी शाळेच्या जिन्यावरून पडली, डोक्याला लागलं, आणि त्या पावसाळ्यापासून तिला फिट यायला लागल्या. गावात लोक कांदा आणि चप्पल घेऊन पळत यायचे. हुंगवा म्हणायचे. मी एकोणीस वर्षांचा होतो, एकाच्या हातातली चप्पल हिसकावून त्याच्याच तोंडावर फेकली होती. मग तिला पुण्यात आणलं. कसबा पेठेतले डॉक्टर भेटले, औषध लागू पडलं. शेवटची फिट येऊन सहा वर्षं झाली होती. ती कर्वेनगरमधल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते आणि आम्ही दोघं एकत्र राहतो.

म्हणजे हा आजार मला तोंडपाठ होता. कुणाला पाढे येतात, मला हे येत होतं.

डॉक्टरांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे. मला एकटाच आलेला बघून ते चष्म्यावरून म्हणाले, "पेशंट कुठंय?"

"मीच आहे."

"अरे वा. बढती मिळाली म्हणायची."

मी सांगायला लागलो. वास, चव, अंगठा, पाण्याखालचे आवाज. सांगताना खाली बघत होतो, आणि तसं बघण्याचीही मी घरून तयारी केली होती. डॉक्टरांची थट्टा बंद झाली. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मेंदूचा आलेख काढायला लावला. तो स्वच्छ आला. मला वाटलं, पकडला गेलो, पण ते स्वतःच म्हणाले, "आलेख स्वच्छ आला म्हणून आजार नाही असं होत नाही. तुझ्या बहिणीचाही पहिला स्वच्छच होता. किती वेळा झालं?"

"तीनदा."

"आणि तू गाडी चालवतोस? शाबास. आजपासून गाडी बंद. स्कूटरसुद्धा. घरी सांगितलंस?"

"पुनीला सांगू नका, डॉक्टर. घाबरेल ती."

"सांगणार नाही. पण मला विसरता येणार नाही." त्यांनी कागदावर सही केली, शिक्का मारला आणि फी घेतली नाही. दहा वर्षांत पहिल्यांदा घेतली नाही. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू तिला सांभाळलंस. आता स्वतःला सांभाळ."

जिना उतरताना मला लाज वाटली का? खरं सांगतो, नाही. हायसं वाटलं.

गाडी न्यायला लीजवाल्यांचा माणूस आला, वीस मिनिटांत घेऊन गेला. पुनीला सांगितलं, कंपनीनं योजनाच बंद केली. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या रोज बेसिनमध्ये टाकून नळ सोडत होतो. त्याच गोळ्या, ज्या ती सहा वर्षं न चुकता घेत होती.

लाज ऑफिसात वाटायला लागली. एचआरमधल्या शेफालीला कागद द्यावाच लागला होता. ती म्हणाली, "सर, तुम्ही आधी का नाही बोललात? वुई आर लाइक फॅमिली ना!" मी एरवी या वाक्यावर हसलो असतो. पण तिनं खरंच मनावर घेतलं. माझी खुर्ची काचेपासून हलवली. टीमच्या बारा जणांना बसवून शिकवलं: माणूस पडला तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही कोंबायचं नाही, घड्याळ बघायचं, गर्दी करायची नाही. माझ्या शेजारी बसणारा श्रीधर तर मला रोज घरापासून बाइकवर मागं बसवून न्यायला लागला. बसमध्ये काही झालं तर, म्हणायचा. निघताना माझ्या हेल्मेटचा पट्टा स्वतः ओढून बघायचा, लहान पोराचा बघावा तसा.

पुनी शाळेच्या अंगणात तोंडाला फेस येऊन पडायची तेव्हा यातलं एकाही माणसाला काही माहीत नव्हतं. आणि इथं माझ्या खोट्यासाठी बारा माणसं तयारीत बसली होती. मी मान खाली घालून काम करायचो. लोकांना वाटायचं, बिचारा खचलाय.

दोन महिन्यांनी पुनीला स्थळ आलं.

मुलाचं नाव इंद्रजीत. खडकवासल्याच्या अलीकडचं त्यांचं गाव आता महापालिकेत गेलंय, जमिनीवर इमारती उभ्या राहिल्यात, पण घरची माणसं अजून गावचीच. दुसऱ्याच भेटीत धरणाच्या भिंतीजवळ कणीस खाताना पुनीनं त्याला सांगून टाकलं. मला फिट यायच्या, सहा वर्षं आली नाही, गोळी चालू आहे, नको असेल तर आत्ताच सांग. तो म्हणे एवढंच म्हणाला, "कणीस थंड होतंय." रात्री घरी येऊन तिनं मला हे तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना हसत होती. तेरा वर्षांत मी तिला इतकं मोकळं हसताना बघितलं नव्हतं. तिला तो हवा होता. साधी गोष्ट होती.

त्याच्या घरच्यांनी पंधरा दिवस घेतले. पुनीच्या डॉक्टरांचं पत्र मागितलं, ते मिळालं. मग मला बोलावलं. त्याचे वडील सोनबा पायरीवर बसले होते, आई मथुराबाई दारात.

"बगा पाव्हणं," सोनबा म्हणाले, "पोरीला डोक्याला लागून झालं ते आमाला पटलं. अपघात कुनालाबी व्हतो. पोरगी सरळ हाय, स्वतः बोलली. पर मूळच घरान्यात असंल तर मग नातवंडांचा इचार करावा लागंल."

"आमच्या घराण्यात तिच्याशिवाय कुणालाही नाही," मी म्हणालो.

मथुराबाई आत गेल्या आणि देवघरातली भंडाऱ्याची वाटी घेऊन आल्या. "भंडारा उचला."

मी उचलला. कपाळाला लावला. शब्द खरा होता, अगदी सोळा आणे. पण तो खरा शब्द बोलणाऱ्याच्या नावाचा एक कागद हिंजवडीत एका कपाटात पडला होता, आणि तो नेमकं उलटं सांगत होता. मला वाटलं, तिथंपर्यंत कोण जातंय?

सोनबा गेले. मुलीच्या भावाची चौकशी करायला त्याच्या ऑफिसच्या दाराशी जाऊन उभं राहायचं, ही आपल्याकडची रीत. मुलगी काय शिकली, काय वाचते याची चौकशी कुणी करत नाही. भाऊ पितो का, कर्ज किती, याची करतात. टपरीवर चहा घेत त्यांनी दोघातिघांना विचारलं, आणि त्यातला एक श्रीधर निघाला. श्रीधरनं माझी स्तुती केली. अगदी मनापासून. "सोन्यासारखा माणूस आहे. एवढ्या फिट येतात, गाडी सोडावी लागली, पण कधी तक्रार नाही." मला हे त्यानंच दुसऱ्या दिवशी आनंदानं सांगितलं. "तुझ्या बहिणीच्या सासरचे होते वाटतं. काळजी करू नको, एकदम चांगलं बोललोय."

त्या संध्याकाळी पुनी ग्रंथालयातून आली आणि पर्स न काढताच माझ्यासमोर उभी राहिली.

"दादा, तुला फिट येतात?"

"कोण म्हणालं?"

"इंद्रजीतचा फोन होता. येतात का नाही?"

"नाही."

"मग तुझ्या ऑफिसात सगळ्यांना कसं माहितीय?"

मी सांगितलं. लीज, तेविसावं पान, डॉक्टर. फ्लॅटचंही सांगितलं. ती खुर्चीवर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"वासाचं सांगितलंस त्यांना?"

"हो."

"अंगठ्याचं?"

"हो."

"आणि ते पाण्याखालचं?"

मी मान हलवली.

"ते मी फक्त तुला सांगितलं होतं," ती म्हणाली. "आईलासुद्धा नाही. शब्द सुचायला मला दोन वर्षं लागली होती, दादा."

मी काहीतरी बोलणार होतो. माफी वगैरे. पण तिच्या चेहऱ्यावर दुसरंच काही तरी आलं. ती हिशेब लावत होती, तारखांचा.

"डॉक्टरकडे तू कधी गेलास?"

"जूनमध्ये."

"मी जुलैत गेले होते. ते गोळी कमी करायला सुरुवात करणार होते. सहा वर्षं झाली की बघू, म्हणाले होते. जुलैत म्हणाले, आत्ता नको, अजून दोन वर्षं चालू ठेवू. मी कारण विचारलं तर म्हणाले, काही गोष्टी नव्यानं कळल्यात." तिनं माझ्याकडे बघितलं. "मी आठ दिवस झोपले नाही. मला वाटलं, माझ्या डोक्यात नवीन काहीतरी सापडलंय आणि ते मला सांगत नाहीयेत."

मला आठवलं. जुलैत ती जेवत नव्हती. मी विचारलं होतं, काय झालं? ती म्हणाली होती, काही नाही. आणि मी टीव्हीचा आवाज वाढवला होता.

माणूस स्वतःला नीच म्हणतो तेव्हा त्यात थोडी ऐट असते. मी ती करणार नाही. मी साधा, पगारदार, बहिणीला सांभाळणारा म्हणून नाव असलेला माणूस आहे, आणि मी तिचा आजार चोरला. चोरला तो चोरला, वर तिच्याच अंगावर आणखी दोन वर्षं लादला.

दुसऱ्या दिवशी मी सोनबांकडे गेलो. पुनी नको म्हणाली होती. मी म्हटलं, खरं सांगून टाकतो, मी धडधाकट आहे कळलं की प्रश्नच मिटला. मला खरंच तसं वाटलं होतं. खोटं बोलणाऱ्या माणसाला खऱ्याबद्दल फार मोठ्या अपेक्षा असतात.

पायरीवर बसून सगळं सांगितलं. इंद्रजीत भिंतीला टेकून उभा होता. सोनबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी तुमाला काय न्हाई?"

"काही नाही."

"आन् डागदरानं लिवून दिलं?"

"मी फसवलं त्यांना. त्यांची चूक नाही."

"पोरीचं पत्र कुनी दिलं? त्याच डागदरानं?"

"हो."

"म्हंजी बगा. त्याच डागदराला तुमी येवडं बेमालूम फशिवलं, तर सहा वर्सं आली न्हाई ह्ये तिनं सांगितल्यालं त्यानं खरं धरलं आसंल. खरं कशावरनं?"

"ती खोटं बोलत नाही!" माझा आवाज चढला. "तिनं स्वतः सांगितलं तुमच्या मुलाला. लपवलं असतं तर तुम्हाला कळलंही नसतं."

"व्हय, खरं हाय," सोनबा शांतपणे म्हणाले. "तिनं सांगितलं. म्हनूनच आमी हो म्हनलो व्हतो. पर तिचा भाऊ तुमी हाय ना."

मथुराबाई दारातून म्हणाल्या, "फिट आस्ती तर पोटात घातलं आस्तं येकवेळ. भंडारा उचलून बसला व्हता इथं."

"भंडारा खोटा नव्हता," मी म्हणालो. बोलताना मलाच किळस आली.

सोनबांनी शेवटी निकाल दिला. मोठ्या हॉस्पिटलात, त्यांनी ठरवलेल्या डॉक्टरकडे, दोघांनीही सगळ्या तपासण्या नव्यानं करायच्या. बहिणीनंही आणि भावानंही. त्यांची माणसं सोबत असतील. कागद आला की पुढचं बोलू. मी इंद्रजीतकडे बघितलं तेव्हा तो मोबाइल बघत होता.

रात्री त्याचा पुनीला मेसेज आला. तिनं तो मला वाचून दाखवला. घरच्यांच्या समाधानासाठी एकदा करून टाकू, मी सोबत येईन, फक्त फॉर्मॅलिटी आहे.

"जाऊया ना," मी म्हणालो. "काही निघणार नाही. मग सगळं सुरळीत होईल."

"दादा, चौदाव्या वर्षापासून मी डोक्याला तारा लावून घेतीय. अजून एकदा घ्यायला काहीच नाही." ती मोबाइल हातात धरून बसली होती. "पण मी धरणावर त्याला सांगितलं तेव्हा त्यानं कागद मागितला नव्हता. तेवढंच आवडलं होतं मला त्याच्यात."

"त्यानं नाही मागितला. त्याच्या बापानं मागितलाय. माझ्यामुळं."

"हो. तुझ्यामुळं. पण आता तोही मागतोय."

तिनं उत्तर लिहिलं. मी बघत होतो. फार मोठं नव्हतं. पाठवलं, मोबाइल उलटा ठेवला, आणि आत जाऊन तिची गोळी घेतली. मी बाहेर बसून नळाचा आवाज ऐकला.

मला वाटत होतं, स्थळ मोडलं म्हणून ती सकाळी रडेल, मग मी समजूत घालेन, भावाचं काहीतरी काम उरेल. ती रडली नाही. चहा करताना म्हणाली, "ऑफिसात काय ते लिहून दे. मग माझ्याबरोबर कसबा पेठेत चल."

शेफालीला मी चिठ्ठी दिली. प्रमाणपत्र खोटी माहिती देऊन मिळवलं, मला कोणताही आजार नाही, लीजवाल्यांचा जो दंड असेल तो भरतो. तिनं दोनदा वाचली. या वेळी फॅमिलीचा विषय निघाला नाही. "सर, हे वर पाठवावं लागेल. नोकरीचं मी काही सांगू शकत नाही," एवढंच म्हणाली. श्रीधरला मी जागेवर जाऊन सांगितलं. त्यानं खुर्ची माझ्याकडे पाठ करून फिरवली आणि काम करत राहिला. मी काचेजवळच्या माझ्या जुन्या जागेवर गेलो, तर तिथं दुसरं कुणीतरी बसलं होतं.

शनिवारी आम्ही दोघं कसबा पेठेत गेलो. आधी मी बोललो. माझं संपल्यावर डॉक्टरांनी कपाटातून पुनीची फाइल काढली. जाड झालीय ती आता. जुलैचं पान उघडलं. तिथं त्यांच्या वाकड्या अक्षरात एक ओळ होती: भावालाही आहे. त्यांनी पेननं ती खोडली. एकदा, मग पुन्हा. शेजारी तारीख आणि सही केली.

"अभिनय उत्तम केलास," ते म्हणाले. "बत्तीस वर्षं प्रॅक्टिस करतोय, फसलो. त्या दिवशीची फी राहिलीय. बाहेर देऊन जा."

मी पाकीट काढायला लागलो. पुनी माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू बाहेर बस. मला गोळीचं बोलायचंय."

मी बाहेर बाकावर बसलो. शेजारी एक बाई होत्या, मांडीवर झोपलेली सहासात वर्षांची मुलगी. मुलीच्या ओठाला आतून चावल्याची ताजी जखम होती. बाई माझ्याकडे बघत होत्या, आपल्या माणसाकडे बघावं तसं.

"तुम्हाला किती वर्षांपासून?" त्यांनी हळूच विचारलं.

"मला नाही," मी म्हणालो. "मला काहीही नाही."

"देवाची कृपा," त्या म्हणाल्या, आणि मुलीच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.